वाकळ शिवणारी आई, मणी ओवणारी लेक

काचेचा बारीक मणी तो काय! जत्रेत पाटीभर मांडलेला असतो. हातातून निसटला तर फरशीच्या फटीत जातो, आणि गेला तरी कुणी हळहळत नाही. सोन्याचा मणी हरवला तर सारे घर झाडून काढतील. काचेच्या मण्यासाठी कुणी वाकणारही नाही. अशा या कवडीमोल वस्तूतून एका कृष्णवर्णीय कामकरी घरातल्या मुलीने जन्मभर दागिने घडविले. ते आज अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवले आहेत. तिचे नाव जॉईस स्कॉट.

भगिनींनो, या बाईंची ओळख आम्ही आज मुद्दाम करून देत आहोत. 'हातचे काम' म्हणजे हलके काम, असे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकविले गेले. ते किती खोटे आहे, हे या मायलेकींच्या आयुष्यावरून समजते. होय, मायलेकींच्या! कारण जॉईसची गोष्ट जॉईसपासून सुरू होत नाही. ती सुरू होते तिच्या आईच्या वाकळेपासून.

पन्नास वर्षांची वाकळ

आईचे नाव एलिझाबेथ टॅलफर्ड. जन्म १९१६ चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातला. घरात चौदा भावंडे. ज्या मातीत पूर्वज गुलाम म्हणून राबले, त्याच मातीत हे कुटुंब वाट्याने शेती करी. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. पण जमीन गोऱ्या मालकाची, बियाणे त्याचे, हिशोबाची वहीही त्याचीच. पीक आले की वाटा देऊन आणि उधारी फेडून हाती काय उरणार? सावकाराची वही काय असते, हे ज्यांच्या आजा-पणजाने सोसले, त्यांना आम्ही अधिक सांगायला नको.

या घरात फाटका कपडा टाकला जात नसे. सदऱ्याची बाही, घागऱ्याचा काठ, पोत्याचा तुकडा असे सारे जोडून वाकळ शिवायची. थंडीत चौदा पोरांवर पांघरूण घालायचे तर दुसरा उपाय नव्हता. एलिझाबेथ लहान वयातच घरातल्या मोठ्यांकडून हे शिवण शिकली. वाकळेत नुसती ऊब नव्हती. कोणता तुकडा कुणाचा, तो कपडा घालून कोण कोठे गेले, कोण गेले ते परत आले नाही, हे सारे त्या टाक्यांत असे. ज्यांना लिहू-वाचू दिले गेले नाही, त्यांची ही वहीच होती.

१९४० मध्ये एलिझाबेथ गाव सोडून मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात आली. ती एकटी आली नाही. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतले जाच आणि दारिद्र्य सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेली. आपली माणसे गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आली, तसाच हा प्रकार. शहरात आलेल्या कृष्णवर्णीय बाईला काम कोणते? गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी, त्यांची मुले सांभाळणे. एलिझाबेथबाईंनी तेच केले. कित्येक वर्षे हातातली सुई बाजूला राहिली. दिवसभर दुसऱ्याचे घर आवरून आलेली बाई रात्री वाकळ कधी शिवणार?

त्यांची एक वाकळ प्रसिद्ध आहे. तिचे नाव 'पन्नास वर्षांची वाकळ'. १९३० मध्ये सुरू झालेली, १९८० मध्ये पुरी झालेली. तिचे नाव वाचून आम्ही क्षणभर थांबलो. एका बाईच्या हातातले काम पुरे व्हायला पन्नास वर्षे लागतात, ते तिला येत नसते म्हणून नव्हे. तिचा वेळ तिचा नसतो म्हणून!

सुई आणि शाळा

जॉईसचा जन्म बाल्टिमोरचा, १९४८ मधला. आई-बापांची ही एकुलती एक मुलगी. शाळांतील काळा-गोरा भेद घटनाबाह्य ठरविणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला, तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. म्हणजे तिचे शाळेत जाण्याचे वय आणि तो निकाल बरोबरच आले.

घरी आईच्या मांडीशी बसून ती सुईत दोरा ओवायला शिकली. पुढे मणी ओवू लागली. आईने तिच्या हाती सुई दिली, पण सुईवर तिला थांबविले नाही. 'घरकामाला हात होतील' म्हणून शाळा सोडविली नाही. उलट, लेकीचा ओढा कलेकडे आहे हे ओळखून तिला शिकू दिले. बाल्टिमोरच्या मेरीलँड इन्स्टिट्यूट कॉलेज ऑफ आर्टमधून जॉईसने १९७० मध्ये कलाशिक्षणाची पदवी घेतली. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतील एका कलासंस्थेतून हस्तकलेची उच्च पदवी मिळविली.

ज्या आईने लोकांच्या घरी भांडी घासली, तिची लेक विशीत परदेशातून उच्च पदवी घेऊन आली. आता खरे तर शाळेत मास्तरीण व्हायचे, महिन्याचा पगार घ्यायचा. पण जॉईसने मणी हातात धरले. ही वाट सोपी नव्हती. मण्यांचे काम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, ती काही कला नव्हे, असे म्हणणाऱ्यांची तिथेही वाण नाही. रंगाचा कुंचला धरला तर चित्रकार, छिन्नी धरली तर शिल्पकार, आणि सुई धरली तर? नुसती बाई! पण आईने लेकीची बाजू सोडली नाही. दोघी पश्चिम बाल्टिमोरच्या कामकरी वस्तीत एकाच घरात राहत. एका खोलीत वाकळ, दुसरीकडे मणी.

एक मणी, एक टाका

१९७६ मध्ये मेन राज्यातल्या एका हस्तकला शाळेत जॉईस यांना एका मूळनिवासी स्त्री कलावंताने एक टाका शिकविला. त्याचे नाव 'पेयोटी'. अमेरिकेतले मूळनिवासी लोक, ज्यांना आपण 'रेड इंडियन' म्हणत आलो, ते आपल्या धार्मिक विधींच्या वस्तू या टाक्याने मढवीत. त्यावरून हे नाव पडले.

आपल्याकडे मणी ओवणे म्हणजे दोऱ्यात एकामागे एक मणी घालणे. माळ झाली की काम संपले. पेयोटीचे तसे नाही. आधी मण्यांची एक ओळ ओवतात. मग उलट फिरून नवा मणी सुईत घ्यायचा, ओळीतला एक मणी सोडायचा आणि त्याच्या पुढच्यातून सुई काढायची. पुन्हा नवा मणी, पुन्हा एक सोडायचा. असे केले की प्रत्येक नवा मणी खालच्या दोन मण्यांमधल्या खाचेत नेमका बसतो. विटांची भिंत कशी सांधे चुकवून रचतात, तसेच हे. फक्त इथे गारा-चुन्याऐवजी दोरा असतो.

या टाक्याला माग लागत नाही, चौकट लागत नाही. मांडीवर बसून करता येतो. मणी वाढविले की काम फुगते, कमी केले की आवळते. दोरा ताणून धरला की मण्यांचे कापड ताठ उभे राहते. जॉईस यांनी याच गुणाचा उपयोग केला. त्यांनी मण्यांची नुसती पट्टी विणली नाही. त्यांनी मण्यांची माणसे उभी केली. डोके, नाक, ओठ, हात, पोट सारे मण्यांचे! कधी आत काहीच भरलेले नसते, दोऱ्याच्या ताणावरच मूर्ती उभी असते.

हे काम किती चिकाटीचे, याचा अंदाज घ्या. नेहमीचा बारीक मणी सुमारे दोन मिलीमीटरचा असतो. एक चौरस इंच भरायला दोनशे-तीनशे मणी लागतात. प्रत्येक मणी सुईच्या टोकावर एकेक करून उचलायचा. गळ्यातला एक मोठा दागिना म्हणजे हजारो मणी आणि हजारो टाके. त्यात वेग वाढविणारे यंत्र नाही. डोळा, बोट आणि धीर एवढेच भांडवल.

मण्यांनी विकत घेतलेली माणसे

पण जॉईस यांनी मणीच का निवडले? स्वस्त आहेत, रंगीत आहेत, त्यांतून उजेड आरपार जातो, ही कारणे आहेतच. आम्हाला मात्र या मण्यांचा इतिहासही मोठा बोलका वाटतो.

युरोपात काचेच्या मण्यांची दोन मोठी ठिकाणे. एक इटलीतील व्हेनिसजवळचे मुरानो बेट, दुसरे बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक देशाचा भाग. वितळलेल्या काचेची पोकळ नळी लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि ते तापवून त्यांच्या कडा गोल करायच्या. असे मणी जहाजे भरभरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले. तिथे त्यांच्या बदल्यात सोने घेतले, हस्तिदंत घेतले आणि माणसेही घेतली! कापड, दारू, बंदुका यांच्याबरोबर काचेचे मणी हे गुलामांच्या व्यापारातले एक चलन होते. अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेल्या माणसांची संख्या अभ्यासक सुमारे सव्वा कोट सांगतात. त्यांतली लाखो माणसे वाटेतच मेली.

ज्या मण्यांनी आपले पूर्वज विकले गेले, तेच मणी हातात घेऊन जॉईस यांनी त्यांना बोलते केले. पूर्वी मणी माणसाची किंमत ठरवीत. आता एक बाई त्या मण्यांचा अर्थ ठरविते. याहून मोठा सूड कोणता? आणि त्यात रक्ताचा एक थेंब नाही!

मण्यांचे हे जग आपल्यापासून दूर नाही. आंध्रातील तिरुपतीजवळचे पापनायडूपेट आणि उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यातले पुरदिलनगर ही काचेच्या मण्यांची आपली गावे. भट्टीच्या आचेसमोर बसणारे हे कारागीर कोण आहेत, हे त्यांनी केलेली माळ गळ्यात घालणाऱ्याला ठाऊकही नसते.

गळ्यात बातमी

आता हे दागिने आहेत तरी कसे? दुरून पाहिले तर डोळे दिपावेत असे रंग. निळे, हिरवे, लाल, काचेची चमक. वाटते, एखाद्या लग्नात घालावा असा हार आहे. जवळ गेले की त्यात चेहरे दिसू लागतात. सांगाडे दिसतात. जळती घरे दिसतात. पाहणारा आधी सौंदर्याने जवळ ओढला जातो आणि जवळ आल्यावर त्याला सत्य दिसते. ते दिसल्यावर मान फिरविणे कठीण!

१९९१ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस शहरात पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला निर्दयपणे मारहाण केली. कुणीतरी तिचे चित्रीकरण केले आणि साऱ्या जगाने ती पाहिली. तरीही पुढच्या वर्षी, एप्रिल १९९२ मध्ये, आरोपी पोलिसांना पंचांनी मारहाणीच्या दोषातून सोडले आणि शहर पेटले. त्याच वर्षी जॉईस यांनी मण्यांची एक कलाकृती केली. तिचे नाव 'लॉस एंजेलिस जळत असताना बेखबर तीन सौंदर्यदेवता'. ग्रीक पुराणातल्या या देवता युरोपच्या चित्रकारांच्या फार आवडीच्या. शहर जळते आहे आणि सौंदर्याला त्याचे भानच नाही! कलावंताने कशाकडे पाठ फिरवू नये, हे जॉईस यांनी नावातूनच सांगितले.

घरकाम करणाऱ्या बाईवर त्यांनी एक मालिकाच केली. त्यातली १९९१ ची एक कलाकृती आमच्या मनातून जात नाही. कातड्याची केलेली एक कृष्णवर्णीय दाई उभी आहे. तिने मालकिणीचे गोरे मूल दोन्ही हातांनी उंच धरले आहे. ते मूल चमकत्या काचमण्यांचे. आणि खाली, दाईच्या घागऱ्याला धरून तिचे स्वतःचे काळे लेकरू उभे आहे. आईचे हात मोकळे नाहीत.

भगिनींनो, हे चित्र परके वाटते का? सकाळी सहाला आपले तान्हे शेजारणीकडे टाकून दुसऱ्याच्या बाळाला न्हाऊ घालायला जाणाऱ्या किती आया आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत आहेत! जॉईस यांनी हे पुस्तकात वाचून केलेले नाही. त्यांची आई असेच काम करीत होती. घागऱ्याला धरून उभ्या असलेल्या अशा लेकरांचे मन त्यांनी ओळखले आणि ते मण्यांत ओवले.

युद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांवरही त्यांची एक मालिका आहे. त्यातल्या एका कलाकृतीत अत्याचाराच्या दुसऱ्या दिवशी पाणी आणायला निघालेली बाई आहे. घरात पाणी तर लागतेच. दुःख करायलाही बाईला सवड नाही. ते सांगायला जॉईस यांना भाषण करावे लागले नाही.

हे सारे भिंतीवर टांगायच्या चित्रात का नाही, दागिन्यात का? चित्र भिंतीवर राहते. ते पाहायला माणसाने तिथे जावे लागते, आणि गरीब माणूस संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना बिचकतो. दागिना मात्र अंगावर चालतो, बोलतो. तो रस्त्यावर येतो, बसमध्ये येतो, लग्नाच्या मांडवात येतो. ज्याला पाहायचे नाही, त्याच्याही डोळ्यांसमोर जातो. गळ्यात घातलेली बातमी कोण थांबविणार?

बुद्ध आणि वस्ती

आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट. जॉईस यांच्या कलेत तथागतांची मूर्ती पुनःपुन्हा येते. १९९१ च्या त्यांच्या एका मणीकामाचे नाव आहे, 'बुद्ध वस्तीला बास्केटबॉल देतो'. मूळ शब्द 'घेट्टो'. घेट्टो म्हणजे समाजाने वेगळी पाडलेली, कोंडलेली वस्ती. आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीसारखीच. अशा वस्तीतल्या कृष्णवर्णीय पोरांना बास्केटबॉलचा खेळ हीच वर येण्याची एक वाट दिसते. पण त्या वाटेने पोहोचणारे मोजकेच. या नावात थट्टा आहे, माया आहे आणि बोचही आहे. करुणेने भरलेला बुद्ध कोंडलेल्या वस्तीत आला तर पोरांच्या हाती काय देईल? नुसता चेंडू पुरेल का? हा प्रश्न आम्हाला त्यात दिसतो.

पुढे २०१३ च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. जॉईस मुरानो बेटावर गेल्या. होय, जिथून मणी भरलेली जहाजे निघत, तेच मुरानो! तिथल्या काचभट्टीवर पिढीजात उस्तादांबरोबर त्यांनी काम केले. त्या काळातल्या त्यांच्या बुद्धमूर्तींची नावे पाहा: 'बुद्ध (पृथ्वी)', 'बुद्ध (वायू)', 'बुद्ध (अग्नी आणि जल)'. फुंकलेल्या काचेचे अंग, त्यावर मणी, तार आणि दोरा. ज्या बेटाच्या काचेने तिच्या लोकांचा सौदा झाला, तिथेच गुलामांची एक नात कलावंत म्हणून उभी राहिली आणि त्या काचेतून तिने शांतीची मूर्ती घडविली.

दागिना कुणाची खूण?

इथे आमच्या मनात आपला इतिहास येतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी लोखंडाचेच दागिने घालावेत, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे दागिना ही सुद्धा आपल्यावर लादलेली खूण होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी माता-भगिनींना वेगळे सांगितले ते याचसाठी. गळाभर आणि हातभर कथलाचे जड दागिने आणि लुगडे नेसण्याची वेगळी पद्धत ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या, असा त्यांचा उपदेश होता. बायांनी तो ऐकला.

मग जॉईस दागिने घडवितात ते उलट का? आम्हाला तसे वाटत नाही. प्रश्न दागिना घालावा की टाकावा हा नाहीच. त्याचा अर्थ कोण ठरवितो, हा आहे. दुसऱ्याने लादलेली खूण महाडच्या बायांनी उतरवून ठेवली. दुसऱ्याने किंमत ठरविलेला मणी जॉईस यांनी उचलला आणि त्याला आपला अर्थ दिला. दोन्ही ठिकाणी स्वाभिमान तोच!

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा बाल्टिमोरची ही बाई आपल्याला परकी कशी?

आधी आईचे नाव

लोकांनी कौतुक केले तेव्हा जॉईस यांनी आईला मागे ठेवले नाही. घरकामातून मोकळ्या झाल्यावर एलिझाबेथबाईंनी पुन्हा सुई धरली होती. आता त्यांच्या वाकळा भिंतभर झाल्या. त्यांत त्या गोटे, शिंपले, बटणे आणि मणी शिवीत. १९९८ मध्ये, ज्या कॉलेजातून लेक शिकली होती त्याच कॉलेजात, या आईच्या वाकळांचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. थंडीत पोरांवर घालण्यासाठी जे शिवण त्या शिकल्या, ते पाहायला लोक येऊ लागले. २०११ मध्ये त्या गेल्या.

लेकीचे पहिले मोठे प्रदर्शन बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात २००० मध्ये झाले. २०१६ मध्ये जॉईस यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. सव्वासहा लाख डॉलर, पाच वर्षांत, आणि कसलीही अट नाही. तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. २०१७ मध्ये न्यू जर्सीतील एका शिल्प-उद्यानात त्यांनी हॅरिएट टबमन यांच्या मूर्ती उभ्या केल्या. टबमन मूळच्या मेरीलँडच्याच. १८४९ मध्ये गुलामीतून पळाल्या आणि पुन्हापुन्हा परत जाऊन आपल्या माणसांना सोडवून आणले. त्यातली एक मूर्ती माती आणि गवताची, ऊन-पावसात हळूहळू विरून जावी अशी केली होती. २०२४ मध्ये बाल्टिमोरच्याच कलासंग्रहालयात त्यांच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि पुढे सिएटल शहरात गेले.

एवढा मान मिळूनही पश्चिम बाल्टिमोर सुटले नाही. २०१५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मरण पावलेला फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण त्याच भागातला. वस्तीचे दुःख पाहायला जॉईस यांना लांब जावे लागत नाही. ते खिडकीतून दिसते.

आपल्या घरातली सुई

आता आपल्याकडे पाहू. किती घरांत दुपारी आया-मुली पाय पसरून मणी ओवताना, टिकल्या टाकताना, माळा गुंफताना दिसतात! मुकादम माल टाकून जातो, डझनावर पैसे देतो, आणि तोच माल दुकानात कितीतरी पटीने विकला जातो. डोळे बाईचे जातात, मान बाईची दुखते. आणि त्या दागिन्यावर तिचे नाव कोठेच नसते.

जॉईस यांची गोष्ट वाचून प्रत्येक मुलीला असा मान मिळेल, असे खोटे आम्ही सांगणार नाही. डझनाच्या भावाने मणी ओवून कुणी कलावंत होत नाही. पोट भागते, तेही जेमतेम. जॉईस यांच्या हाती आईची सुई होती, तसेच कॉलेजचे शिक्षणही होते. दोन्ही एकत्र आले म्हणून हे घडले. म्हणून पहिली विनंती अशी की, कामासाठी मुलीची शाळा सोडवू नका. दुसरी अशी की, शाळेसाठी तिच्या हातातली सुई हिसकावू नका. तिला एखादा नमुना स्वतःच्या मनाचा करू द्या. तो कुणाला विकू नका. मागच्या बाजूला दोऱ्याने तिचे नाव घाला.

आणि आणखी एक. आजीची वाकळ अजून घरात असेल, तर ती भांड्यांच्या बोहारणीला देऊ नका. एखाद्या रविवारी ती उन्हात पसरा. आजी असेल तर तिला जवळ बसवा आणि विचारा, हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा? हा सदरा कोणी घालायचे? ती सांगेल ते मुलाकडून वहीत लिहून घ्या. एलिझाबेथबाईंची वाकळ वाचली, कारण तिच्यात काय आहे हे लेकीला कळले होते. आपल्या वाकळेतही बरेच काही आहे. ते वाचणारे आपल्याच घरात हवे.